फुकट दिसणाऱ्या ठोशांचं गणित

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांची अट होती की प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं आणि नोकरीचं पुराण लावायचं नाही. मी विषय कळवला, ‘फुकट टीव्हीवरचं बॉक्सिंग आणि त्याचा धंदा’. त्यावर आपल्या ग्रुपवर जे हसणं झालं, ते मी सगळं वाचलं आहे. खो-खोच्या संघातसुद्धा कायम राखीव असलेल्या मुलीला बॉक्सिंगचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. खेळायला मला कधीच जमलं नसतं, पण पाहायला हा खेळ आवडतो. आणि गेली काही वर्षं माझं काम व्हिडिओच्या मधे जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. त्यामुळे कुठेही ‘फ्री’ असं लिहिलेलं दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, बिल कोणाच्या नावावर फाटलं? बॉक्सिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर फार उघडपणे दिसतं, म्हणून हा विषय.

आपल्या पिढीला खरं बॉक्सिंग फारसं पाहायला मिळालं नाही. केबल आल्यावर आपण डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहिलं, त्याचे पत्ते मधल्या सुट्टीत खेळलो आणि सरांनी ते जप्तही केले. बॉक्सिंगची ओळख बऱ्याच जणांना झाली ती जून १९९७ मध्ये, माइक टायसनने इव्हँडर होलीफिल्डच्या कानाचा चावा घेतला तेव्हा. तीही पेपरातून. त्या रात्री अमेरिकेत जवळजवळ २० लाख ठिकाणी लोकांनी त्या एका लढतीसाठी वेगळे पैसे भरले होते. म्हणजे ज्याचं नाव जगातल्या पोराटोरांना माहीत होतं, तो बॉक्सर त्याच्या स्वतःच्या देशातही साध्या टीव्हीवर फुकट दिसत नव्हता. असं का झालं असेल?

सुरुवात अगदी उलटी होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत टीव्ही नवा होता आणि कॅमेरे अवजड होते. फुटबॉल किंवा बेसबॉलचं अख्खं मैदान पकडायचं म्हणजे मोठी यातायात. बॉक्सिंगला काय लागतं? एक छोटा चौकोन, वर झगझगीत दिवे आणि दोन माणसं. जाहिरातदाराला तर हा खेळ जणू मापाने शिवून मिळाला होता. तीन मिनिटांची फेरी, मग एक मिनिट विश्रांती. त्या एका मिनिटात जाहिरात. आपल्या क्रिकेटमध्ये षटक संपल्यावर होतं तेच. जिलेट या दाढीच्या पात्यांच्या कंपनीने हे ओळखलं. पाहणारे बहुतेक पुरुष, सगळे दाढी करणारे. एनबीसी वाहिनीवरचा जिलेटचा शुक्रवार रात्रीचा बॉक्सिंगचा कार्यक्रम १९६० पर्यंत चालला. प्रेक्षकाला तो फुकट होता. त्याचा पैसा पात्याच्या किमतीतून यायचा.

पण या फुकटचा भार आणखी एका जागेवर पडत होता. गावोगावी लहान बॉक्सिंग क्लब होते. तिथे नवी पोरं छोट्या लढती लढून, हरून, शिकून तयार व्हायची आणि तिकिटांवर तो क्लब चालायचा. घरबसल्या मोठी लढत फुकट दिसू लागल्यावर त्या क्लबचं तिकीट कोण काढणार? क्लब बंद पडत गेले. दुसरीकडे टीव्हीला दर आठवड्याला नवे चेहरे हवे होते, तेही न हरलेले आणि जोरात ठोसे मारणारे. म्हणून पुरेशी तयारी नसलेली मुलं कॅमेऱ्यासमोर उभी केली जाऊ लागली. आपल्याकडे पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून खाणाऱ्याला काय म्हणतात, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वीस वर्षांत टीव्हीने बॉक्सिंगचं बियाणं खाल्लं.

मग २४ मार्च १९६२ ची रात्र आली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथविरुद्ध लढताना बेनी पॅरेट कोसळला. हे एबीसी वाहिनीवर लोकांच्या बैठकीच्या खोलीत थेट दिसलं. दहा दिवसांनी तो गेला. १९६४ मध्ये त्या वाहिनीवरच्या साप्ताहिक लढती बंद झाल्या.

मोठ्या लढती तोवर वेगळ्या वाटेने निघाल्या होत्या. मार्च १९७१ मध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. ती लढत अमेरिकेत घरच्या टीव्हीवर नव्हतीच. लोकांनी थिएटरांत तिकीट काढून पडद्यावर पाहिली. तरी १९७० च्या दशकात बॉक्सिंग मोफत वाहिन्यांवर परत आलं आणि त्याचं एक मोठं कारण होतं ऑलिंपिक. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलांनी बॉक्सिंगची पाच सुवर्णपदकं जिंकली. ती घराघरांत फुकट दिसली. पुढच्याच वर्षी त्यांतल्या शुगर रे लेनर्डची पहिली व्यावसायिक लढत सीबीएसने दाखवली. लोक त्याला आधीपासून ओळखत होते. ओळख करून देण्याचा खर्च कोणालाच वेगळा करावा लागला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासमध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. ही लढतही सीबीएसवर थेट दिसली होती. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने आपल्या विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या. मोफत वाहिन्यांवरचं बॉक्सिंग पुढे ओसरत गेलं. मृत्यू हे त्याचं एक कारण. दुसरं कारण साधं व्यवहाराचं होतं. केबलवर एचबीओसारख्या वर्गणी घेणाऱ्या वाहिन्या आल्या होत्या आणि त्यांच्याकडे देण्यासाठी जास्त पैसे होते.

आता थोडं गणित. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा पायऱ्या दाखवते.

जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला सगळ्यांत आधी कळायला हवं असतं की कार्यक्रम किती वेळ चालेल. बारा फेऱ्यांची लढत पूर्ण झाली तर ३६ मिनिटं खेळ आणि ११ मिनिटं विश्रांती, एकूण ४७ मिनिटं. पण पूर्ण झाली तर! जून १९८८ मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. अशा लढतीवर अकरा विश्रांतींच्या जाहिराती विकून ठेवल्या असतील तर काय करणार? खेळ जितका रोमांचक, तितका जाहिरातीचा माल कमी. क्रिकेटचा सामना लवकर संपला तरी काही तास तर चालतो. शिवाय आघाडीचा बॉक्सर वर्षातून दोन-तीनदाच लढतो, त्याहून जास्त शरीराला झेपत नाही. क्रिकेटपटू आठवड्यात तीनदा दिसू शकतो. म्हणून एका चेहऱ्यावर केलेला प्रसिद्धीचा खर्च क्रिकेटमध्ये वर्षभर वसूल होतो, बॉक्सिंगमध्ये होत नाही.

हे सगळं माहीत असूनही २०१५ मध्ये एका माणसाने बॉक्सिंग पुन्हा फुकट टीव्हीवर आणायचा घाट घातला. त्याचं नाव अल हेमन. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेला, आधी संगीताच्या मैफलींचं आयोजन करणारा आणि मुलाखती न देण्याबद्दल प्रसिद्ध. त्याने ‘प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स’ नावाची मालिका काढली. पहिली रात्र ७ मार्च २०१५, लास वेगासचं एमजीएम ग्रँड, एनबीसी वाहिनी, मुख्य लढत कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो. थीमचं संगीत हान्स झिमरचं. बॉक्सरने रिंगणात एकट्याने चालत यायचं, मागे गोतावळा नाही. सुमारे ३४ लाख लोकांनी पाहिलं. कित्येक वर्षांत अमेरिकेत बॉक्सिंगला एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता.

आठ आठवड्यांनी, २ मे रोजी, त्याच इमारतीत फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्विआओ यांची लढत झाली. ही फुकट नव्हती. घरी पाहायची तर शंभर डॉलरच्या आसपास मोजायचे. सुमारे ४६ लाख ठिकाणी लोकांनी मोजले. लढत रटाळ झाली, काहींनी तर कोर्टात दावे लावले, पण गल्ला भरला होता. आणि गंमत अशी की मेवेदरचा सल्लागार होता हाच अल हेमन.

दोन्ही रात्री शेजारी ठेवू. दुसऱ्या रात्रीचा हिशेब सोपा आहे. ४६ लाख गुणिले सरासरी ९५ डॉलर धरले तर ४३ कोटी ७० लाख डॉलर. केबल कंपन्यांचा मोठा वाटा वजा केला तरी प्रचंड रक्कम उरते. पहिल्या रात्रीसाठी, समजा, जाहिरातदार हजार प्रेक्षकांमागे २५ डॉलर द्यायला तयार आहे. ३४ लाख प्रेक्षकांसाठी एका जाहिरातीचे झाले ८५ हजार डॉलर. रात्रभरात ४० जाहिराती बसवल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या, तर ३४ लाख डॉलर. हा २५ चा दर मी उदाहरणासाठी धरला आहे. तो दुप्पट करा, तिप्पट करा, तरी उत्तराची जातकुळी बदलत नाही. एक प्रेक्षक फुकट पाहताना जेवढं मिळवून देतो त्याच्या कैकपट तो स्वतः पैसे भरून देतो. एका रात्रीचाच हिशेब पाहायचा असेल तर कोणीही शहाणा माणूस मोठी लढत फुकट दाखवणार नाही.

मग हेमनने काय केलं? त्याने वाहिनीकडून पैसे घेतले नाहीत, उलट वाहिनीला पैसे दिले. बातम्यांनुसार एनबीसीवरच्या वीस कार्यक्रमांसाठी सुमारे २ कोटी डॉलर. वेळ विकत घ्यायची आणि जाहिराती आपण विकायच्या. आपल्याला हा प्रकार नवा नाही. भल्या पहाटे वाहिन्यांवर राशिभविष्य आणि तेलाच्या बाटल्या दिसतात, ती वेळ अशीच विकत घेतलेली असते. दूरदर्शनच्या काळातही निर्माता प्रक्षेपणाचं शुल्क भरून जाहिरातीची काही मिनिटं पदरात पाडून घ्यायचा. आपल्या क्रिकेट मंडळालासुद्धा एकेकाळी सामने दाखवण्यासाठी दूरदर्शनला पैसे मोजावे लागत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले.

हेमनचा बेत असाच होता. काही वर्षं तोटा सोसायचा, लोकांना सवय लावायची, मग वाहिन्याच पैसे घेऊन दारात उभ्या राहतील. क्रिकेटला जे जमलं ते बॉक्सिंगला का जमलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, क्रिकेटचा मालक एक आहे. बॉक्सिंगमध्ये चार वेगवेगळ्या संघटना आपापले जगज्जेते घोषित करतात आणि प्रत्येक बॉक्सरचा करार वेगळा. हेमन एकमेव मालक होऊ पाहतोय, अशी तक्रार करत गोल्डन बॉय आणि टॉप रँक या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या त्याच वर्षी कोर्टात गेल्या. अमेरिकेत २००० साली महंमद अलीच्या नावाने कायदा झालेला आहे. बॉक्सरचा व्यवस्थापक आणि लढतीचा प्रमोटर यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतू नयेत, हा त्याचा एक हेतू. एक दावा तडजोडीने मिटला, दुसरा फेटाळला गेला.

दुसरं, मालिका एनबीसी, सीबीएस, ईएसपीएन, स्पाइक अशा अनेक वाहिन्यांवर विखुरली. रामायण लागायचं तेव्हा रविवारी सकाळी कुठे बसायचं हे आपल्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. सवय अशी लागते, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी.

तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. सर्वांत मोठ्या लढती पैसे भरणाऱ्यांसाठीच राखल्या गेल्या. फुकट पाहणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा बेताच्या लढती आल्या. आणि फुकट पाहणारा मूर्ख नसतो. उरलंसुरलं वाढलेलं त्याला कळतं.

आणि बिल? ते कोणाच्या नावावर फाटलं? हेमनच्या मागे पैसा होता अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या वॉडेल अँड रीड या म्युच्युअल फंड कंपनीचा. बातम्यांनुसार ४० कोटी डॉलरहून अधिक. म्युच्युअल फंड म्हणजे काय ते इथे एसआयपी भरणाऱ्यांना सांगायला नको. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे. पुढे फंडाला या गुंतवणुकीची किंमत बरीच खाली आणावी लागली. शनिवारी रात्री सोफ्यावर बसून ज्यांनी बॉक्सिंग फुकट पाहिलं, त्यांतल्या काहींनी त्याचे पैसे आपल्या निवृत्तीच्या पुंजीतून भरले असतील आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

२०१८ मध्ये फॉक्स वाहिनीशी करार झाला आणि आता वाहिनी पैसे देऊ लागली. बेत अर्धा साधला म्हणायचा. पण मार्च २०१९ मध्ये एरोल स्पेन्स आणि मिकी गार्सिया यांची मोठी लढत आली, ती फॉक्सनेच वेगळे पैसे घेऊन विकली. फुकट वाहिनी आता दुकानाची काच झाली होती. बाहेरून पाहा, घ्यायचं असेल तर आत या. तो करारही काही वर्षांत संपला. एचबीओने २०१८ च्या शेवटी बॉक्सिंग सोडलं, शोटाइमने २०२३ मध्ये.

मग या खेळाला नवा प्रेक्षक आजवर कोणी मिळवून दिला? मघाचा मुद्दा आठवा. १९७६ चं ऑलिंपिक. अँथनी जोशुआने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, ते ब्रिटनने बीबीसीवर पाहिलं. त्यानंतर त्याच्या मोठ्या लढती पैसे भरून पाहाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये त्याच्यासाठी वेम्बली स्टेडियम भरलं. पेरणी एकाने केली, कापणी दुसऱ्याने. आपल्याकडे २००८ मध्ये विजेंदर सिंगचं आणि २०१२ मध्ये मेरी कोमचं कांस्यपदक सगळ्या देशाने पाहिलं. कितीतरी आईवडिलांनी, मुलगी बॉक्सिंग करू शकते, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल. विजेंदर पुढे व्यावसायिक झाला आणि २०१७ मध्ये मुंबईत वरळीला लढला, तेव्हा त्याची ओळख कोणाला करून द्यावी लागली नाही. बॉक्सिंगची खरी मोफत वाहिनी ऑलिंपिक हीच आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कारभारामुळे ती खिडकीसुद्धा बंद व्हायची वेळ आली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग ठेवायचा निर्णय मार्च २०२५ मध्ये झाला. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

ठोसा खाणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं की माझं म्हणणं स्पष्ट होतं. त्याला दोन गोष्टी लागतात. शिकण्यासाठी घाई नसलेली पाच-सहा वर्षं, आणि त्याच्याकडे पाहणारे डोळे. पैसे भरून पाहिली जाणारी लढत शिखरावरच्या दोघांना श्रीमंत करते, खालच्यांना डोळे देत नाही. जाहिरातीवरचं फुकट डोळे देतं, पण वेळ देत नाही. गुंतवणूकदाराचं फुकट दोन्ही द्यायचं वचन देतं, पण त्याचा धीर दोन-तीन वर्षांत सुटतो. फुकट टिकतं ते तिथेच, जिथे पैसे देणाऱ्याला परतावा नको असतो, किंवा उशिरा आला तरी चालतो.

हे सगळं आज, इथे सांगायचं कारण आहे. सकाळच्या बैठकीत शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा क्रीडावर्ग सुरू करण्याबद्दल बोलणं झालं. कोणी म्हणालं फी ठेवा, कोणी म्हणालं सगळ्यांना फुकट. मी फुकटच्या बाजूची आहे, पण तीन अटींवर. एक, पुढच्या दहा वर्षांचा खर्च कोण देणार ते नावानिशी आजच लिहून ठेवू. पहिल्या वर्षीचा उत्साह आणि सत्काराचा हार यांवर वर्ग चालत नाही. दोन, फीवाली वेगळी तुकडी काढून चांगला प्रशिक्षक तिकडे आणि उरलेला फुकट मुलांकडे, असं होऊ द्यायचं नाही. पोरांना ते पहिल्याच आठवड्यात कळतं. तीन, पहिल्याच वर्षी जिल्ह्याचं पदक मागायचं नाही. बियाणं जमिनीत राहू द्या.

माझा दहा वर्षांचा वाटा मी लिहून संयोजकांकडे दिला आहे. वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर आहे, पेनही आहे. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी तिकडून जा.

सर, बाई, शाळेत तुम्ही आम्हाला जे दिलं, त्याचं बिल आमच्या नावावर कधीच फाडलं नाहीत.